वर बेट, खाली डोंगर

मालदीवची जाहिरात पाण्याच्या वरच थांबते. खांबांवर उभी असलेली लाकडी व्हिला, तिचा पाण्यात उतरणारा जिना, संध्याकाळचं केशरी आकाश. हे सगळं तिथे खरोखरच आहे आणि देखणंही आहे. पण स्कूबा डायव्हिंगसाठी जाणाऱ्याला त्याचा उपयोग थोडा. या व्हिला बहुधा उथळ लगूनमध्ये बांधतात, कारण तिथे लाटा पोहोचत नाहीत आणि खांब रोवायला वाळू मिळते. जिना उतरला की कमरेएवढं पाणी, पांढरी वाळू, नशीब असेल तर एखादं लहानसं पाकट. तेवढंच. म्हणून रिसॉर्ट ठरवताना आम्ही खोल्यांचे फोटो बाजूला ठेवले आणि ईमेल करून विचारलं, की हाउस रीफची, म्हणजे बेटालगतच्या प्रवाळाची, कड किनाऱ्यापासून किती लांब आहे, बेट ॲटॉलच्या कोणत्या अंगाला आहे आणि आम्ही येऊ त्या महिन्यात प्रवाह कुठून कुठे वाहतो. दोन ठिकाणांहून उत्तरादाखल हनिमून पॅकेज आलं. आरी ॲटॉलच्या उत्तर भागातल्या एका जुन्या रिसॉर्टने मात्र नकाशा काढून पाठवला. तिथेच गेलो. खोली बागेतली, साधी. रीफची कड पोहत चार-पाच मिनिटांवर.

मुंबईहून मालेचं थेट विमान तीन तासांच्या आत पोहोचवतं. भारतीयांना पर्यटनाचा व्हिसा उतरल्यावर फुकट मिळतो; प्रवासाआधीच्या चार दिवसांत इमुगा नावाचा सरकारी फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो, एवढंच. विमानतळ हुलहुले या स्वतंत्र बेटावर आहे आणि तिथून लांबच्या रिसॉर्टला सीप्लेन जातं. सीप्लेन फक्त उजेडात उडतं, त्यामुळे दुपारी उशिरा उतरणाऱ्याची पहिली रात्र बऱ्याचदा मालेत किंवा शेजारच्या हुलहुमालेत जाते. सकाळचं विमान धरलं तर ती टळते. सीप्लेनचे वैमानिक अनवाणी असतात, हे ऐकून होतो ते पाहिलं. खिडकीतून खाली जे दिसतं ते मात्र ऐकून कळत नाही. निळ्या समुद्रात फिकट हिरवी कडी, त्या कड्यांच्या आत आणखी लहान कडी, आणि मधूनच झाडांचा एखादा ठिपका. ॲटॉल म्हणजे समुद्रात बुडवून ठेवलेली परात. काठ पाण्याशी जेमतेम येतो, काही ठिकाणी तो तुटलेला असतो, आणि त्या फटींतून समुद्र आत-बाहेर करतो. देशात अशी सव्वीस नैसर्गिक ॲटॉल आहेत आणि त्यांवर मिळून बाराशेच्या आसपास बेटं. त्यांतल्या दोनशेहूनही कमी बेटांवर स्थानिक वस्ती आहे.

ही परात कशी तयार झाली, याचा पहिला पटणारा खुलासा चार्ल्स डार्विनने १८४२ साली केला. ज्वालामुखीचं बेट हळूहळू खचत जातं. त्याच्या कडेचं प्रवाळ उजेडासाठी वर वर वाढत राहतं. शेवटी डोंगर पाण्याखाली जातो आणि प्रवाळाचं कडं उरतं. मालदीवची कहाणी याहून थोडी गुंतागुंतीची आहे, कारण हिमयुगांत समुद्राची पातळी वरखाली होत राहिली आणि तिनेही या कड्यांना आकार दिला. पण तळाशी बुडालेला ज्वालामुखी आहे, हे खरं. आणि तो आपल्या नात्यातला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर ज्या तप्तबिंदूतून लाव्हा ओतला गेला, त्याच्यावरून भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकत गेला आणि मागे लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशी ज्वालामुखींची रांग राहिली. तो तप्तबिंदू आता रीयुनियन बेटाखाली आहे. रायगडाचा काळा कातळ आणि या नाजूक पांढऱ्या बेटांचा पाया एकाच घराण्यातले. फरक असा, की इथे त्या बेसॉल्टवर प्रवाळाने रचलेली दोन किलोमीटरच्या आसपास जाडीची चुनखडी बसली आहे. रिसॉर्ट, नारळ, बार आणि आम्ही, सगळे तिच्या टोकावर.

रिसॉर्टवर पोहोचल्यावर लगेच कोणी बोटीत बसवत नाही. मालदीवमध्ये पहिली डाइव्ह ओळखीची आणि उथळ पाण्यातली असते. प्रशिक्षक तुमचं सर्टिफिकेट, लॉगबुक आणि वैद्यकीय प्रश्नावली बघतो, मग पाण्यात नेऊन मास्कमध्ये पाणी भरायला लावतो, ते नाकाने फुंकून काढायला लावतो, रेग्युलेटर तोंडातून काढून पुन्हा बसवायला लावतो. दमा, फिट, हृदयविकार यांपैकी कशापुढेही ‘हो’ लिहिलं असेल, तर डॉक्टरांचं पत्र लागतं, आणि ते बेटावर मिळवणं हा उपद्व्यापच. पत्र घरूनच आणावं.

इथे मालवणचा उल्लेख करायला हवा, कारण आपल्याकडे ‘मी स्कूबा केलंय’ म्हणणारे बरेच जण सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाण्यात उतरलेले असतात. तिथे प्रशिक्षक मागून सिलिंडर धरून ठेवतो आणि आपण मासे बघतो. चव घेण्यापुरतं ते छान. पण त्यातून डायव्हर होत नाही. ओपन वॉटर या पहिल्या सर्टिफिकेटला १८ मीटरपर्यंत जाता येतं, त्यापुढच्या ॲडव्हान्स्डला ३० मीटरपर्यंत. आणि मालदीवमध्ये हौशी डायव्हरला ३० मीटरखाली जायला नियमानेच मनाई आहे. तारकर्लीला एमटीडीसीची प्रशिक्षण संस्था आहे, मुंबई-पुण्यात तरणतलावात शिकवणारे वर्ग आहेत. कोर्स किंवा निदान त्यातला थिअरीचा आणि तलावाचा भाग घरीच उरकावा. नाहीतर एवढे पैसे मोजून मिळवलेले दिवस वातानुकूलित खोलीत दाबाचे तक्ते बघण्यात जातात.

तक्ते कंटाळवाणे असले, तरी त्यांतली दोन-तीन सूत्रं अंगात मुरलेली असावी लागतात. दर दहा मीटर खोलीला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. वीस मीटरवर तो तिप्पट होतो, म्हणजे प्रत्येक श्वासाला तिप्पट हवा खर्च होते. पृष्ठभागाजवळ दीड तास पुरणारा सिलिंडर तिथे अर्ध्या तासात संपतो. कानावर दाब येऊ लागला की दुखायची वाट न बघता नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं आणि दर थोड्या अंतराने पुन्हा. वर येताना फुप्फुसातली हवा प्रसरण पावते, म्हणून श्वास कधीच रोखायचा नाही. हा नियम मोडल्यास जीव जाऊ शकतो. खोलवर राहिल्याने रक्तात आणि ऊतींत नायट्रोजन विरघळतो, तो सावकाश बाहेर पडायला हवा. म्हणून मिनिटाला नऊ मीटरपेक्षा जास्त वेगाने वर यायचं नाही आणि पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. अंगठा वर केला तर त्याचा अर्थ ‘छान’ असा होत नाही, ‘वर चला’ असा होतो. पहिल्या दिवशी माझ्या बायकोने एक कासव बघून आनंदाने अंगठा दाखवला आणि गाइड आज्ञाधारकपणे वर निघाला.

हाउस रीफवर आम्ही रोज दुपारी जायचो. कडेपर्यंत लगून उथळ, मग जमीन एकदम संपते आणि पायाखाली निळा कडा सुटतो. पाणी २८-२९ अंशांचं, त्यामुळे पातळ सूट पुरे. पाच-सात मीटर खाली गेलं की लाल रंग विझू लागतो. आणखी खाली सगळं निळसर करडं दिसतं आणि टॉर्च टाकला की तोच खडक शेंदरी, जांभळा, पिवळा होतो. आपल्या मासेबाजाराची सवय असलेल्या नजरेला इथे गंमत वाटते. हेकरू कपारीत दबा धरून बसलेला, तांबोशीचे भाऊबंद निळ्या रेघा मिरवत शेकड्यांनी एका जागी लटकलेले, आणि पोपटमासा प्रवाळ कुरतडत चाललेला. त्याचं कुरतडणं पाण्यात स्पष्ट ऐकू येतं. खडकाचा चुरा त्याच्या पोटातून वाळू होऊन बाहेर पडतो. या पांढऱ्याशुभ्र किनाऱ्यांचा बराच भाग त्यातून आला आहे. हनिमूनच्या फोटोंत ही माहिती सहसा नसते. समुद्रफुलांत राहणारा क्लाउनफिश इथे काळ्या पायांचा, म्हणजे पोटाखालचे पर काळे असलेला. ही जात मालदीव, लक्षद्वीप आणि श्रीलंका एवढ्याच टापूत आढळते. कड्याखाली वाळूत गार्डन ईल उभे असतात, अर्धं अंग बिळात, अर्धं प्रवाहात डोलतंय. जवळ गेलं की एकेक करून आत. त्यांच्या एका जातीला हान्स हास या ऑस्ट्रियन डायव्हरचं नाव आहे. तो १९५७-५८मध्ये ‘झारिफा’ जहाज घेऊन या पाण्यात आला होता, इथे पहिलं रिसॉर्ट उघडायच्या चौदा-पंधरा वर्षं आधी.

सगळे शार्कचं विचारतात. रीफवरच्या शार्कची भीती पहिल्या पाच मिनिटांत ओसरते, कारण ते आपल्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. मला घाबरवलं ते टायटन ट्रिगरफिशने. हातभर लांबीचा, पुढे दात आलेला हा मासा वाळूत खड्डा करून अंडी घालतो आणि खड्ड्यापासून वरपर्यंत शंकूच्या आकाराचं पाणी आपल्या मालकीचं समजतो. तो अंगावर आला की माणूस साहजिकच वर पळतो, म्हणजे शंकूच्या अधिकच रुंद भागात. पळायचं ते आडवं. फिनचं टोक त्याच्या तोंडात देऊन आडवं पळावं, हे जास्त चांगलं.

खरं मालदीव मात्र बोटीने गाठायचं. इथल्या डाइव्हच्या जागांची नावं त्यांच्या आकारावरून पडली आहेत. कांडू म्हणजे ॲटॉलच्या काठातली फट, थिला म्हणजे पाण्याखाली काही मीटरवर माथा असलेली टेकडी, गिरी म्हणजे त्याहून उथळ, जवळजवळ पृष्ठभागाला भिडलेली. सगळ्यांचा मालक प्रवाह. ढोबळमानाने डिसेंबर ते एप्रिल ईशान्येचे वारे असतात, तेव्हा पूर्वेच्या कांडूंतून समुद्राचं नितळ पाणी आत येतं आणि पश्चिमेकडून प्लवक घेऊन बाहेर पडतं. मे ते नोव्हेंबर नैऋत्येचे, तेव्हा याच्या उलट. पाणी आत येतं त्या तोंडाशी शार्क, तळातून वर आलेल्या अन्नावर जगणारे मासे आणि चांगली दृश्यता. बाहेर पडतं तिथे पाणी धुरकट, पण मांटा रे. एवढं समजलं की रिसॉर्टची जागा नकाशावर बघून कोणत्या महिन्यात काय दिसेल ते घरबसल्या सांगता येतं. आणि डाइव्ह सेंटरवरच्या गप्पांतलं निम्मं बोलणं कळू लागतं, कारण ती माणसं सकाळपासून याचाच विचार करत असतात. आमचा गाइड शेजारच्याच बेटावरचा. बोट थांबली की आधी तो एकटा उडी मारायचा, मास्क पाण्यात घालून अर्धं मिनिट बघायचा आणि मग बोट आणखी शंभर मीटर पुढे न्यायला सांगायचा. “तुम्ही पोहायचं नाही. पोहायचं काम पाण्याचं,” हे त्याचं रोजचं वाक्य.

माया थिला हा उत्तर आरीतला बहुधा सर्वांत गाजलेला खडक. व्यास जेमतेम ऐंशी मीटर, माथा सहा-सात मीटरवर, कडा तीस मीटरपर्यंत. १९९५पासून तो संरक्षित आहे. दिवसा तिथे गर्दी असते, माशांची आणि माणसांचीही. रात्री मात्र पाहावं. व्हाइटटिप शार्क दिवसा कपारीत आळसावलेले असतात. अंधारात ते शिकारीला निघतात आणि तुमच्या टॉर्चच्या झोतात आलेला मासा तुमच्या डोळ्यांदेखत उचलतात. बसल्या जागी दिवा धरून आपण त्यांची मदत करतोय, हे लक्षात आल्यावर मी झोत खाली वळवला. काही जण मुद्दाम धरून ठेवत होते. मला ते पटलं नाही.

त्याच भागातला दुसरा थिला मुशिमासमिंगिली, डायव्हर त्याला फिश हेड म्हणतात. शार्कच्या अर्थशास्त्रात याचं नाव कायमचं कोरलेलं आहे. १९९३ साली अँडरसन आणि अहमद या संशोधकांनी हिशेब मांडला, की फिश हेडवरचा एक जिवंत ग्रे रीफ शार्क डायव्हरांच्या पैशातून वर्षाला ३३,५०० डॉलर मिळवून देतो, आणि तोच मारून कोळ्याच्या हाती पडतात ३२ डॉलर. आकडा निव्वळ व्यापारी आहे, पण व्यापारी देशाला तो पटला. आधी काही ॲटॉलमध्ये बंदी आली आणि २०१०मध्ये संपूर्ण देशात शार्क मारणं बंद झालं. आम्ही गेलो तेव्हा प्रवाह इतका होता की खडकाला लोखंडी आकडा अडकवून पतंगासारखं लटकावं लागलं. समोर सात-आठ ग्रे शार्क त्याच प्रवाहात, शेपटीची जेमतेम हालचाल करून, जागच्या जागी. सिलिंडरमधल्या हवेचा दाब पन्नास बारवर आला आणि आकडा सोडला, तेव्हा पाण्याने आम्हाला इतक्या झपाट्याने उचललं की शार्ककडे शेवटचं वळून बघायचं राहिलं.

एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. उथळ प्रवाळाची अवस्था वाईट आहे. पाणी नेहमीपेक्षा अंशभर जरी जास्त तापलं आणि ते काही आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ आपल्या पेशींतलं शेवाळ बाहेर टाकतं. अन्न तेच पुरवत असतं, रंगही त्याचाच. ते गेलं की पांढरा सांगाडा. १९९८च्या एल निनोत मालदीवचं उथळ प्रवाळ मोठ्या प्रमाणावर मेलं. सावरत होतं तोवर २०१६ आलं. तेव्हाच्या पाहणीत सुमारे साठ टक्के प्रवाळ पांढरं पडलेलं आढळलं. २०२४मध्ये जगभरातली चौथी लाट जाहीर झाली. आमच्या हाउस रीफचा वरचा चार-पाच मीटरचा पट्टा म्हणजे करड्या फांद्यांचा ढिगारा. दहा मीटरखाली चित्र बरं, आणि थिलांवर, जिथे प्रवाह गार पाणी आणत राहतो, तिथे तर खूपच बरं. रिसॉर्टवाले लोखंडी चौकटींवर प्रवाळाचे तुकडे बांधून लगूनमध्ये सोडतात आणि पाहुण्यांकडून पैसे घेऊन त्यांच्या नावाची पाटी लावतात. आम्हीही एक लावली. तुकडे जगतातही. पण तापलेल्या समुद्रापुढे एवढ्याशा चौकटीचा किती निभाव लागणार, हे बांधणाऱ्या मरीन बायॉलॉजिस्ट मुलीनेच न विचारता सांगून टाकलं, आणि त्यामुळे ती जास्त आवडली.

बेटावरचं बाकीचं आयुष्य थोडक्यात सांगता येईल. १९७२ साली कुरुंबा हे पहिलं रिसॉर्ट उघडलं तेव्हापासून एक बेट, एक रिसॉर्ट असा शिरस्ता आहे. वीज स्वतःच्या जनरेटरची, पिण्याचं पाणी समुद्राचं मीठ काढून केलेलं. बुफेतला परदेशी पसारा टाळून आम्ही सकाळी मास हुनी शोधायचो. कुपा मासा, ओला नारळ, कांदा, मिरची, लिंबू एकत्र चुरडलेलं आणि सोबत रोशी नावाची पोळी. कोकणी जिभेला याची ओळख करून द्यावी लागत नाही. कुपा इथे जाळ्याने नव्हे, गळाने एकेक धरतात. एका संध्याकाळी वस्तीच्या बेटावर गेलो. तिथे दारू मिळत नाही, पोहण्याचे कपडेही ठरलेल्या किनाऱ्यापुरतेच. किनाऱ्यावर कवड्या दिसल्या. इब्न बतूता १३४०च्या दशकात इथे काझी होता. मालदीवच्या कवड्या बंगालला जातात आणि बदल्यात तांदूळ येतो, असं त्याने लिहून ठेवलं आहे. पुढेही कित्येक शतकं भारतातल्या बाजारात चलन म्हणून फिरलेल्या कवड्यांचा मोठा पुरवठा याच बेटांचा. तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यातली माळ आठवली, पण कवडी उचलली नाही. तिच्यात खेकडा राहत होता.

पैशाचं बोलायचं, तर बऱ्याच रिसॉर्टवर साहित्य आणि बोट धरून एक डाइव्ह शंभर डॉलरच्या आसपास पडते, वर कर. पॅकेजमध्ये घेतलं की उतरते. स्वतःचा मास्क आणि डाइव्ह कॉम्प्युटर न्यावा. बाकीचं साहित्य भाड्याने चांगलं मिळतं. वस्तीच्या बेटांवरच्या गेस्टहाउसात सगळंच बरंच स्वस्त आहे आणि थिला तर तेच. डायव्हिंगला कव्हर देणारा विमा काढावा. नायट्रोजनच्या त्रासावर उपचार करणारा चेंबर बांडोस आणि कुरामथी या बेटांवर आहे, पण तिथवर पोहोचायचा खर्चही छाती दडपणारा. आणि शेवटची डाइव्ह व परतीचं विमान यांत किमान अठरा तास हवेत, म्हणून शेवटचा दिवस कोरडाच जातो. स्पा, मसाज वगैरे त्या दिवसासाठी राखून ठेवावं.

कधी जावं, हा प्रश्न आपल्याकडे हवामानापेक्षा शाळांवर अवलंबून असतो. दिवाळीच्या सुट्टीत पाऊस धरून चालावं, पण बा ॲटॉलच्या हनिफारू खाडीत मांटा नोव्हेंबरपर्यंत असतात. तिथे सिलिंडर लावून उतरायला बंदी आहे, फक्त स्नॉर्केलिंग, त्यामुळे पोहता येणारी मुलंही चालतात. नाताळात भाव दुप्पट. मे महिन्यात वारा फिरत असतो, समुद्र कधी कुठल्या बाजूने उचंबळेल याचा नेम नाही. व्हेल शार्क बघायचा असेल तर मात्र दक्षिण आरीत तो बाराही महिने भेटू शकतो. पाणी सर्वांत नितळ असतं ते फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि नेमकी तेव्हाच घरोघरी दहावी-बारावी. ज्यांच्या घरातल्या परीक्षा संपल्या आहेत त्यांनी ते दोन महिने धरावेत, आणि पूर्वेच्या कांडूजवळचं बेट.